घरच्या नेटवर्कवरून टीव्हीवर व्हिडिओ : कोडी, जेलीफिन आणि बॉक्स विकत घेण्याआधीच्या चाचण्या

तांब्याची_तार

टीव्हीसाठी कोणता बॉक्स घ्यावा हा प्रश्न इथे सतत येतो आणि उत्तरं बॉक्सच्या नावांतच अडकतात. म्हणून हा स्वतंत्र धागा. विषय एवढाच की घरातल्या कॉम्प्युटरवर, हार्ड डिस्कवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) असलेले आपले व्हिडिओ घरच्याच नेटवर्कवरून टीव्हीवर नीट दिसावेत. त्यात लग्नामुंजीच्या सीडी-डीव्हीडी आल्या, मोबाइलचं चित्रण आलं, विकत घेतलेल्या डिस्कच्या घरगुती प्रती आल्या. ओटीटी इथे नको.

नीट दिसणं याचा माझा अर्थ असा : फाइल जशी आहे तशी टीव्हीजवळच्या प्लेअरपर्यंत पोचावी आणि प्लेअरच्या हार्डवेअरनेच ती उलगडावी. जेलीफिन आणि प्लेक्स (घरचे व्हिडिओ टीव्हीला पाठवणारे सर्व्हर प्रोग्राम) यांच्या भाषेत हे डायरेक्ट प्ले. ते जमलं तर जुना लॅपटॉपही सर्व्हर म्हणून पुरतो. नाही जमलं तर सर्व्हरला फाइल चालू असतानाच दुसऱ्या रूपात बदलत राहावी लागते, म्हणजे ट्रान्सकोडिंग. मग लॅपटॉप तापतो, चित्र अडखळतं, व्हिडिओ पुढे सरकवला की चक्र फिरत बसतं. म्हणून आधी फाइल तपासा, मग नेटवर्क, मग प्लेअर. पैसे सगळ्यात शेवटी.

फाइल तपासायला मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्या आणि प्रत्येक प्रकारची एकेक फाइल त्यात उघडा. व्हिडिओचा कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत), बिट डेप्थ, क्रोमा (रंगाचा तपशील, ४:२:० वगैरे), बिटरेट, फ्रेम रेट, स्कॅन टाइप आणि ऑडिओचा फॉरमॅट लिहून घ्या. एच.२६४, ८-बिट, ४:२:० असेल तर जवळपास कुठलाही स्मार्ट टीव्ही ती चालवतो. एचईव्हीसी (एच.२६५) १०-बिट असेल तर ४के टीव्ही सहसा चालवतात, जुने फुल एचडी टीव्ही नाही. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कॅमेऱ्यातून थेट आलेल्या ४:२:२, १०-बिट, एच.२६४ फाइलींनी. लग्नाचं कच्चं चित्रण पेन ड्राइव्हवर मिळतं ते अनेकदा असं असतं. टीव्ही, स्टिक किंवा रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर) यांचा हार्डवेअर डिकोडर सहसा ते उलगडत नाही. नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. अशा फाइली एकदाच हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून ८-बिट ४:२:० करून ठेवाव्यात आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

आता बिटरेट. डीव्हीडी जास्तीत जास्त १० मेगाबिटच्या आसपास जाते. ब्लू-रेचं चित्र ४० मेगाबिटपर्यंत, ४के ब्लू-रे डिस्क १२८ मेगाबिटपर्यंत. आयफोनचं ४के, ६० फ्रेमचं एचईव्हीसी चित्रण मिनिटाला सुमारे ४०० मेगाबाइट जागा घेतं, म्हणजे सेकंदाला साधारण ५३ मेगाबिट. मेगाबाइट आणि मेगाबिट यांत आठपटीचा फरक आहे. राउटरच्या यूएसबीवरची डिस्क "फक्त १० एमबी" देते म्हणून लोक निराश होतात, पण ते ८० मेगाबिट झाले आणि डीव्हीडी किंवा साध्या ब्लू-रेला ते पुरून उरतात.

नेटवर्कमध्ये पहिली गोष्ट टीव्हीच्या लॅन पोर्टची. बऱ्याच ४के टीव्हींनाही १०० मेगाबिटचाच पोर्ट असतो, त्यातून प्रत्यक्षात ९४च्या आसपास मिळतात. त्यामुळे मोठ्या फाइलींना राउटरच्या खोलीतलं ५ गिगाहर्ट्झ वायफाय कधी कधी वायरपेक्षा जास्त वेग देतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनल आहेत, १, ६ आणि ११. फ्लॅटच्या इमारतीत तिथे वीस-पंचवीस राउटर बसलेले असतात, तेव्हा त्यावर एचडीच्या पुढची अपेक्षा ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल हाताने ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला ठेवा. ५२ ते १४४ हे रडारशी वाटून घेतलेले चॅनल आहेत. तिथे राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडतो आणि चित्र तेवढ्यात तुटतं.

वेग मोजायला आयपर्फ३ वापरा. सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर तो ऐकण्याच्या स्थितीत ठेवा आणि टीव्ही असतो त्याच जागी, टीव्ही कॅबिनेटच्या आत ठेवलेल्या उपकरणावरून, ६० सेकंदांची चाचणी घ्या. उलट दिशेचा पर्याय निवडा, कारण आपल्याला सर्व्हरकडून टीव्हीकडे येणारा वेग हवा आहे. सरासरीपेक्षा सगळ्यात खाली गेलेला आकडा बघा. तो फाइलच्या बिटरेटच्या दीडपट तरी असावा. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे काहीच सांगत नाही, ती घराबाहेरचा रस्ता मोजते.

प्लेअरबद्दल पुढे लिहितोच. पण चाचणीला आधी टीव्हीवर आहे ते वापरा. अँड्रॉइड टीव्ही असेल तर व्हीएलसी आणि कोडी हे प्लेअर आणि जेलीफिनचं टीव्हीवरचं रूप, तिन्ही मोफत आहेत.

चौकोनी_पडदा

चांगला धागा. डीएलएनएबद्दल (टीव्हीने घरच्या नेटवर्कवरचे व्हिडिओ शोधून चालवण्याची व्यवस्था) भर घालतो, कारण अँड्रॉइड नसलेल्या टीव्हीवर सगळ्यात आधी तेच हाताशी असतं.

ही सोनी, इंटेल वगैरे कंपन्यांनी २००३ मध्ये सुरू केलेली व्यवस्था. संस्था २०१७ मध्ये बंद झाली, पण टीव्हीमध्ये ती अजून असते. सर्व्हरच्या बाजूला मिनीडीएलएनए हा छोटा प्रोग्राम पुरतो. पंख्याशिवायचा कॉम्प्युटर, नॅस, काही राउटरसुद्धा तो चालवतात. फोल्डर दाखवून द्यायचं आणि टीव्हीच्या सोर्समध्ये त्याचं नाव उगवतं.

नाव उगवलं नाही तर जवळजवळ नेहमी मल्टिकास्टचा प्रश्न असतो. टीव्ही २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट १९०० वर हाक मारतो. ती हाक सर्व्हरपर्यंत जायला दोघं एकाच नेटवर्कात हवेत. टीव्ही गेस्ट वायफायवर असेल, राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून तोडणारी सोय) चालू असेल, किंवा फायबरच्या मोडेमला मागे दुसरा राउटर लावून दोन वेगळी नेटवर्कं झाली असतील, तर हाक पोचत नाही. शेवटच्या प्रकारात दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा. विंडोजवर नेटवर्क "पब्लिक" ठरवलं गेलं असेल तर फायरवॉल अडवते, ते "प्रायव्हेट" करा.

नवीन फाइल टाकली आणि यादीत येत नाही, असं झालं तर लिनक्सची फोल्डरवर नजर ठेवण्याची मर्यादा संपलेली असते. आयनोटिफाय वॉचेसचा आकडा वाढवून सेवा पुन्हा सुरू करायची.

आणि एक अपेक्षा सोडून द्यावी. मिनीडीएलएनए फाइल फक्त पुढे सरकवतो, बदलत नाही. टीव्हीला कोडेक कळत नसेल तर "फाइल समर्थित नाही" एवढंच दिसणार. बाहेरची सबटायटलं काही टीव्ही दाखवतात, काही नाही. पहिली चाचणी म्हणून डीएलएनए उत्तम, रोजच्या वापराला फार तोकडं.

दिवेलागण

माझा प्रश्न : सॅमसंगचा टीव्ही, पेन ड्राइव्हवरून आणि डीएलएनएवरून दोन्हीकडे चित्र स्वच्छ, आवाज अजिबात नाही. सगळ्या फाइलींना नाही, काहींनाच. मीडियाइन्फो ऑडिओला डीटीएस म्हणतो.

मंद्र_षड्ज

@दिवेलागण, उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएस काढून टाकलं. एलजीनेही २०२० मध्ये काढलं आणि २०२३ च्या काही मॉडेलांत परत आणलं. फाइल बिघडलेली नाही.

दोन मार्ग आहेत. एक, प्लेअरने स्वतः डीटीएस उलगडून टीव्हीला साधा, न दाबलेला पीसीएम आवाज द्यायचा. कोडी हे करतो. सेटिंग्ज, सिस्टम, ऑडिओ इथे जाऊन पासथ्रू (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) बंद ठेवा आणि चॅनल्स २.० करा. टीव्हीपर्यंत डीटीएस पोचतच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटतो. दुसरा मार्ग म्हणजे फाइलमधला ऑडिओ एकदाच एसी३ (डॉल्बी डिजिटल) मध्ये, ६४० किलोबिटवर बदलून ठेवायचा आणि व्हिडिओला हात लावायचा नाही. एफएफएमपेग या प्रोग्राममध्ये व्हिडिओ "कॉपी" सांगितला की अख्खा चित्रपट काही मिनिटांत होतो.

५.१ चं २.० केल्यावर संवाद बारीक आणि पार्श्वसंगीत मोठं, ही पुढची तक्रार येते. कारण संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात आणि सगळे चॅनल एकत्र करताना आवाज फाटू नये म्हणून पातळी खाली आणली जाते. कोडीत त्याच पानावर "मेंटेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स" आहे, ते चालू करा. सेटिंगची पातळी "एक्स्पर्ट" केल्याशिवाय असे बरेचसे पर्याय दिसत नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यातल्या गिअरच्या खुणेवर ती बदलते.

साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर उलट करायचं. पासथ्रू चालू, पण रिसीव्हरला कळतात त्याच फॉरमॅटवर टिक. साधा एआरसी (टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज नेणारी एचडीएमआयची सोय) डॉल्बी डिजिटल आणि दबवलेला ५.१ नेतो, ट्रूएचडीसारखा न घटवलेला आवाज नेत नाही, त्याला ईएआरसी लागतो. ट्रूएचडीवर टिक करून ठेवली आणि मधली जोडणी साध्या एआरसीची असेल तर आवाज पूर्ण गायब होतो.

दिवेलागण

पासथ्रू बंद केल्यावर आवाज आला. डाउनमिक्सचा पर्यायही सापडला. आभार.

आठ_आण्याचा_स्क्रू

रास्पबेरी पाय आणि लिब्रेइलेक (फक्त कोडी चालवणारी छोटी लिनक्स) यांबद्दल सविस्तर लिहितो. माझ्या मते केवळ घरचे व्हिडिओ बघायचे असतील तर यासारखा स्थिर प्लेअर नाही. जाहिरात नाही, खातं नाही, सुरू केल्यावर थेट कोडी.

कोणता पाय? पाय ४ ला एच.२६४ चा १०८०पी६० हार्डवेअर डिकोडर आहे आणि एचईव्हीसीचा ४के६०. पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढला आहे. त्याचा प्रोसेसर १०८०पी सहज उलगडतो, एचईव्हीसी ४के६० हार्डवेअरवरच आहे. एव्ही१ या नव्या कोडेकचा हार्डवेअर डिकोडर दोघांतही नाही. म्हणजे जुनं चित्रण आणि एचईव्हीसी यांसाठी २ जीबीचा पाय ४ पुरतो. ८ जीबी घेऊन चित्र सुधारत नाही.

सामान : बोर्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला टाइप-सी अ‍ॅडॉप्टर (पाय ५ ला ५ अँपिअरचा), १६ किंवा ३२ जीबीचं ए१ दर्जाचं कार्ड, मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय वायर, आणि धातूची केस जी स्वतःच उष्णता बाहेर टाकते. मोबाइलचा चार्जर चालवू नका. व्होल्टेज खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण येते आणि त्यानंतरच्या सगळ्या विचित्र अडचणींचं मूळ तिथेच असतं.

पायच्या इमेजरमधून लिब्रेइलेक निवडून कार्डावर लिहा. पहिल्यांदा सुरू होताना ते कार्डाचं विभाजन मोठं करतं आणि एकदा स्वतःहून रीस्टार्ट होतं, तेव्हा वायर काढू नका. मग नाव, नेटवर्क, आणि सांबा चालू करायचं का हे विचारतं. सांबा चालू ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरवरून फाइली टाकता येतील. एचडीएमआय वायर पॉवरच्या शेजारच्या पोर्टातच लावा. टीव्हीच्या रिमोटने कोडी चालवणारी सीईसी सोय त्यावर सरळ मिळते. टीव्हीत ही सोय वेगळ्या नावाने असते, सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, आणि ती मेनूतून चालू करावी लागते.

४के टीव्ही असला तरी कोडीचा मेनू १०८०पी वरच ठेवा. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले इथल्या व्हाइटलिस्टमध्ये ४के चे २३.९८, २४, २५, २९.९७, ५०, ५९.९४ आणि ६० हर्ट्झ टिक करा. मेनू ४के मध्ये काढण्यात पायची ताकद वाया जाते आणि सरकवताना तो जड लागतो. व्हिडिओ सुरू झाला की तो स्वतः ४के वर जातो. पाय ४ वर ४के६० हवं असेल तर कॉन्फिग फाइलीत त्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग : सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओज, "अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट", ते "ऑन स्टार्ट / स्टॉप" करा. २४ फ्रेमचा चित्रपट ६० हर्ट्झवर दाखवताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. कॅमेरा आडवा फिरला की चित्र झटके देतं ते त्यामुळे. २५ फ्रेमचं आपल्याकडचं चित्रण ६० हर्ट्झवर आणखी वाईट दिसतं. हे एक सेटिंग बदललं की टीव्ही नवीन घेतल्यासारखा वाटतो. अँड्रॉइड टीव्हीच्या नव्या आवृत्त्यांत आणि फायर टीव्हीतही मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय आहे, पण तो बऱ्याचदा मुळात बंद असतो आणि प्रत्येक अ‍ॅप त्याला मान देतंच असं नाही.

व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर ओ दाबा. डिकोडरचं नाव आणि तो हार्डवेअरवर आहे की सॉफ्टवेअरवर, ते दिसतं. ४के फाइलला सॉफ्टवेअर दिसलं तर अडखळण्याचं कारण तिथेच कळलं.

न्यूजर्सीकर

फ्रेम रेटला +१. इथे अमेरिकेत भारतातून आलेल्या लग्नाच्या डीव्हीडी टीव्हीवर लावताना हीच अडचण दुप्पट होते. त्या पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकेक फ्रेम दोन अर्ध्या फील्डांत वाटलेली). इथले सगळे टीव्ही ५० हर्ट्झ स्वीकारतातच असं नाही. लिब्रेइलेकच्या व्हाइटलिस्टमध्ये ५० हर्ट्झ दिसत नसेल तर टीव्हीने ते आपल्या यादीत सांगितलेलंच नाही. अशा वेळी डीव्हीडीतून फाइल करताना २५ ऐवजी ५० प्रोग्रेसिव्ह फ्रेम ठेवल्या तर ६० वर दाखवतानाही हालचाल बरीच सुसह्य होते. हे कसं करायचं ते कोणी नीट लिहील का?

तांब्याची_तार

लिहितो. आधी मेकएमकेव्ही या प्रोग्रामने डिस्कची एमकेव्ही फाइल करा. डीव्हीडीत एकच चित्रण १ जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत पडलेलं असतं, नुसते तुकडे कॉपी केले तर दर वीसेक मिनिटांनी फाइल संपते आणि आवाज पुढेमागे होतो. मेकएमकेव्ही ते न बदलता सलग जोडतो. हीच तुमची मूळ प्रत.

मग हँडब्रेक. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस, प्रकार ब्विडिफ किंवा याडिफ, आणि प्रीसेट "बॉब". बॉब प्रत्येक फील्डची एक फ्रेम करतो, म्हणून २५ च्या ५० होतात आणि वरातीत नाचणाऱ्यांची हालचाल मूळ टेपइतकी सलग राहते. साध्या डीइंटरलेसने निम्मी हालचाल फेकली जाते. फ्रेम रेट "सेम अ‍ॅज सोर्स". एन्कोडर एक्स२६४, दर्जाचा आकडा (आरएफ) १८ ते २०. कोडेक नवा म्हणून एचईव्हीसी निवडण्याची इथे गरज नाही, फाइल लहानच आहे आणि एच.२६४ सगळीकडे चालते. रुंदी-उंची ७२० बाय ५७६ च ठेवा, पिक्सेलचं प्रमाण प्रोग्रामला सांभाळू द्या. हाताने १९२० केलं तर तपशील वाढत नाही, फाइल तेवढी फुगते. मूळ चित्रण ४:३ असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. ते ताणून १६:९ करू नका, माणसं बसकी दिसतात.

व्हीसीडीसाठी वेगळं. त्यात ३५२ बाय २८८ चं एमपेग-१ चित्र असतं, डॅट फाइलींत. टीव्ही त्या ओळखत नाहीत, व्हीएलसी ओळखतो. त्या फक्त एमपीजी आवरणात, पुन्हा एन्कोड न करता, काढून घ्या. आणि हे आधी करा, कारण नव्वदीच्या शेवटी आणि नंतर घरोघरी लिहिलेल्या त्या सीडी-आर खराब होत चालल्या आहेत. डिस्क अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगावर वाचून पाहा. एका ड्राइव्हने सोडलेली डिस्क दुसरा बऱ्याचदा वाचतो.

कोनाडा

कोडीत विंडोजचं फोल्डर जोडायला गेलं की "विंडोज नेटवर्क एसएमबी" मध्ये काहीच दिसत नाही. कॉम्प्युटरवर शेअर केलेलं आहे, दुसऱ्या लॅपटॉपवरून उघडतं.

चौकोनी_पडदा

तिथून ब्राउझ करणं एसएमबी१ या विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंग पद्धतीवर अवलंबून होतं. २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यानंतर त्याच वर्षीच्या विंडोज १० अपडेटपासून नव्या विंडोजमध्ये ते मुळात बसवलेलंच नसतं. ते परत चालू करा असा सल्ला देणारे व्हिडिओ भरपूर आहेत, तो मानू नका.

त्याऐवजी : विंडोजवर "टीव्ही" नावाचा वेगळा लोकल वापरकर्ता करा, पासवर्डसकट. पिन चालत नाही, नेटवर्कवरून नेहमी पासवर्डच लागतो, आणि बहुतेक लोक इथेच अडतात. फोल्डरवर त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या. राउटरमध्ये या कॉम्प्युटरसाठी आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पत्ता बदलतो आणि कोडीची लायब्ररी रिकामी दिसते. मग कोडीत व्हिडिओज, फाइल्स, अ‍ॅड व्हिडिओज, ब्राउझ, आणि यादीच्या तळाशी "अ‍ॅड नेटवर्क लोकेशन". प्रोटोकॉल एसएमबी, सर्व्हरच्या जागी आयपी, शेअरचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड. पासवर्ड नसलेलं शेअर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत सहसा अडवलं जातं, तेव्हा तो वाद घालू नका, पासवर्ड ठेवा.

सर्व्हर लिनक्स किंवा नॅस असेल तर एनएफएस (लिनक्सची फाइल-शेअरिंग पद्धत) घ्या. तो हलका आहे आणि मोठ्या फाइली पुढे सरकवताना चपळ वाटतो. एकच खाच : कोडी १०२४ च्या वरच्या पोर्टवरून बोलतो आणि एनएफएस सर्व्हर मुळात अशा विनंत्या नाकारतो. एक्स्पोर्टच्या ओळीत "इनसिक्युअर" हा पर्याय घातला की जोडणी होते. नाव घाबरवणारं आहे, घरातल्या नेटवर्कात त्याने काही बिघडत नाही.

कोनाडा

पिनचाच घोळ होता. लागलं.

पैलतीर

मराठी सबटायटलांबद्दल कोणी सांगेल का? एसआरटी फाइल मोबाइलवर बरोबर दिसते, टीव्हीवर चौकोन.

मंद्र_षड्ज

चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. भलतीच लॅटिन चिन्हं दिसत असतील तर एन्कोडिंग चुकलेलं आहे. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला किंवा जोडाक्षर फुटून हलन्त दिसत असेल तर मजकूर रचणारा भाग देवनागरी जाणत नाही. तीन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

चौकोनांसाठी नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल कोडीच्या मीडिया फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाका आणि सेटिंग्ज, प्लेअर, सबटायटल्समध्ये तो फॉन्ट निवडा. फाइल नोटपॅडमधून यूटीएफ-८ म्हणून पुन्हा सेव्ह करा. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत टाइप केलेली सबटायटलं असतील तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावी लागतात, प्लेअर त्यात काही करू शकत नाही. जोडाक्षरं फुटत असतील तर कोडी २० किंवा पुढची आवृत्ती घ्या, तिथून साधी सबटायटलंही मजकूर रचणाऱ्या लिबअ‍ॅसमार्फत काढली जातात आणि देवनागरी नीट जुळते. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये यातलं काहीच बदलता येत नाही.

फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच, आणि एसआरटीच्या आधी बिंदू देऊन मराठीची दोन अक्षरं, एम आणि आर. जेलीफिन आणि कोडी दोघांना भाषा कळते.

जेलीफिन वापरत असाल तर आणखी एक. क्लायंटला सबटायटल दाखवता येत नसेल तर सर्व्हर ते चित्रावर छापून पाठवतो, म्हणजे पूर्ण ट्रान्सकोडिंग. ब्लू-रेतली पीजीएस सबटायटलं चित्ररूप असतात, त्यांना हे फार होतं. मजकुराची सबटायटलं अशी छापायची तर देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर बसवलेला हवा, टीव्हीवर असून उपयोग नाही. एका ४के चित्रपटाला केवळ सबटायटल लावल्यामुळे सर्व्हर धापा टाकतो तो यामुळेच. एसआरटी वेगळी ठेवली की हा भार टळतो.

सुतळीबॉल

लायब्ररीच्या नावांबद्दल थोडंसं. प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर, फोल्डरचं नाव म्हणजे चित्रपटाचं नाव आणि कंसात वर्ष. वर्ष सोडू नका. श्यामची आई १९५३ चा आहे आणि २०२३ चाही. वर्ष नसेल तर दोन्हींना एकच पोस्टर लागतं आणि कोणता कोणता ते उघडल्याशिवाय कळत नाही. घरगुती व्हिडिओ मात्र "मूव्हीज" प्रकारात टाकू नका. "बारसं" नावाच्या फाइलला जेलीफिन जगातल्या कुठल्याही चित्रपटाची माहिती चिकटवतो. त्यांच्यासाठी "होम व्हिडिओज अँड फोटोज" हा प्रकार आहे. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

खिडकीकाठ

ऑनलाइन दोन-तीन हजारात ४के अँड्रॉइड बॉक्स मिळतात, ८के लिहिलेले. ते कसे?

आठ_आण्याचा_स्क्रू

टाळा. यातले पुष्कळ अँड्रॉइड टीव्ही नसतात, मोबाइलचं अँड्रॉइड टीव्हीवर चढवलेलं असतं. गुगलचं प्रमाणपत्र नसतं, सुरक्षेची अपडेट येत नाहीत, आणि काही बॉक्स कारखान्यातूनच मालवेअर घेऊन येतात. २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या मालवेअरच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला तो अशाच उपकरणांबद्दल होता. असा बॉक्स घरच्या नेटवर्कात, म्हणजे तुमच्या नॅसच्या आणि बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपच्या शेजारी बसतो. घ्यायच्या आधी प्ले प्रोटेक्ट प्रमाणित आहे का ते पाहा. शंका असेल तर नावाजलेल्या कंपनीची स्टिक घ्या.

इथेच ओटीटीचा संबंध येतो. पाय आणि लिब्रेइलेकवर ओटीटीची अधिकृत अ‍ॅप नाहीत. घरात एकच उपकरण हवं असेल आणि ओटीटीही बघायचं असेल तर प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेऊन त्यावर कोडी टाकणं जास्त सोयीचं.

उंबरठा_४

सर्व्हरबद्दल एक प्रश्न. घरात तीन टीव्ही आहेत, त्यातला एक २०१४ चा, एचईव्हीसी न कळणारा. शिवाय पुण्याबाहेर असताना मोबाइलवर बघता यावं. जेलीफिन पायवर चालेल?

तांब्याची_तार

डायरेक्ट प्लेपुरता चालेल. ट्रान्सकोडिंगला नाही. पाय ५ मध्ये हार्डवेअर एन्कोडरच नाही आणि पायवरच्या हार्डवेअर ट्रान्सकोडिंगचा पाठिंबा जेलीफिनने मागे घेतलेला आहे. जुन्या टीव्हीला एखादी स्वस्त, पण प्रमाणित एचईव्हीसी स्टिक लावणं हे सर्व्हर बदलण्यापेक्षा कमी खर्चाचं आणि चित्रही मूळ दर्जाचं राहतं.

तरी ट्रान्सकोडिंग लागणारच असेल तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी पाहा. प्रोसेसरची वीज ६ वॉट वर्गातली, त्यातलं क्विक सिंक (इंटेलची व्हिडिओसाठीची हार्डवेअर सोय) एव्ही१ आणि एचईव्हीसी १०-बिट उलगडतं. जुना लॅपटॉप वापरायचा तर सातव्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल असावा, त्याआधीच्यांत एचईव्हीसी १०-बिटसाठी पुरेसं हार्डवेअर नाही. जेलीफिनमध्ये डॅशबोर्ड, प्लेबॅक इथे क्विक सिंक निवडा आणि आपला प्रोसेसर जे कोडेक उलगडतो तेवढ्यांवरच टिक करा. सगळ्यांवर टिक केली तर न पेलणारी फाइल थेट एररने थांबते. कोण काय बघतंय आणि ट्रान्सकोडिंग का चाललंय, त्याचं कारण डॅशबोर्डवर त्या सत्राच्या माहितीत लिहिलेलं असतं. अंदाज करण्याआधी ते वाचा.

बाहेरून बघण्यासाठी राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (कंपनीने अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता वाटलेला) आहात, पोर्ट फॉरवर्डिंगने काही होणार नाही. सर्व्हरवर आणि मोबाइलवर टेलस्केल (आपल्या उपकरणांना जोडणारं खाजगी व्हीपीएन) टाका, आणि अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा टेलस्केल पत्ता आणि पोर्ट ८०९६ द्या. नसाल तरी ८०९६ इंटरनेटवर उघडा ठेवू नका. बाहेरच्या बिटरेटची मर्यादा तुमच्या अपलोडच्या निम्म्यावर ठेवा.

सुतळीबॉल

@उंबरठा_४, डिस्कबद्दलही पाहून घ्या. पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअर देतात. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना एकटीच त्यातला मोठा वाटा घेते, दोन डिस्क लावल्या की दुसरी गायब होते. तेव्हा स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरचा हब लावा किंवा १२ व्होल्टची साडेतीन इंची डिस्क घ्या. यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची वायर राउटरपासून आणि ब्लूटूथ रिमोटच्या बॉक्सपासून हातभर लांब ठेवा, तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो.

फॅट३२ नको, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. डिस्क कायम लिनक्सलाच राहणार असेल तर एक्स्ट४ करा. वीज मध्येच गेली तर जर्नलमुळे ती सावरते, एक्सफॅटला ती सोय नाही. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते तिथे राउटर, फायबरचा मोडेम आणि सर्व्हर छोट्या यूपीएसवर घ्या. टीव्ही त्यावर घेऊ नका, बॅटरी तोच खाऊन टाकतो. आणि लग्नाच्या टेपची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात.

उंबरठा_४

समजलं. जुन्या टीव्हीला आधी स्टिक लावून पाहतो, एन१०० नंतर. ९४ मेगाबिटच्या पोर्टाचं तिन्ही टीव्हींवर आयपर्फने मोजून आकडे इथे टाकतो.